टेंटर गल्लीतली रिकामी परात

आता आमच्या गल्लीत घरोघरी लोखंडी शेगड्या आल्या आहेत, खाली भट्टीचा कप्पा असलेल्या. माझी लेक नेल ख्रिसमसच्या सकाळी मांस आत सरकवते, धाडकन दार लावते आणि चॅपलला निघून जाते. सोय आहे, मी नाही म्हणत नाही. पण ख्रिसमसच्या सकाळी रस्त्यावर चिटपाखरू दिसत नाही, हे मला अजून सोसत नाही. मी खिडकीशी बसते आणि उगाच कुणावर तरी चिडते.

आमच्या वेळी कुणाच्याच घरात भट्टी नव्हती. एक चूल, तिच्यावर उकडायचं ते उकडा. भाजायचं असेल तर कोपऱ्यावरची जेबेझ ऑर्मरॉडची बेकरी. ख्रिसमसला साडेनऊ वाजले की अख्खी गल्ली बाहेर पडायची. बायकांच्या कमरेवर पत्र्याची परात, वर धुतलेलं फडकं, आत ज्याच्या त्याच्या ऐपतीप्रमाणे डुकराचं मटण, ससा, वजडी, भोवती बटाटे. लाकडी तळाच्या जोड्यांचा खडखडाट आणि तोंडाचा पट्टा.

"यंदा पुडिंग फुगलं नाही तर फेकू नकोस गं, मला दे. दाराला टेकू हवाय."

"तुझ्या नवऱ्यालाच टेकव की दाराला, नाहीतरी दुसरं काय करतो तो?"

परात दिली की जेबेझ पितळेचा एक बिल्ला परातीला लावायचा आणि त्याच आकड्याचा दुसरा आपल्या हातात द्यायचा. मग सगळे चॅपलला. एक वाजता प्रार्थना सुटली की बिल्ले घेऊन धावत परत. ते धुकं, तो कांद्याचा आणि चरबीचा वास आणि गरम परात पोटाशी धरून घरी जाणं, एवढ्यासाठी मी आताची दहा लोखंडी शेगड्यांची सोय ओवाळून टाकीन.

जेबेझ मात्र ओवाळून टाकण्याच्याच लायकीचा होता. बेकरीतलं जमिनीवर सांडलेलं पीठ तो झाडून, चाळून पुन्हा कणकेत घालायचा. चहाची पत्ती तीन दिवस उकळायचा आणि चौथ्या दिवशी वाळवून चूल पेटवायला वापरायचा. बायको गेल्यावर तिची शाल कोटाच्या आत गुंडाळून हिंडायचा, नवा कोट नको म्हणून. पाव वजनाला जरा जास्त भरला की चाकूने कड कापून घ्यायचा, आणि गिऱ्हाईक बघत असलं तरी लाजायचा नाही. वर मान ताठ. "ऑर्मरॉडांनी उभ्या जन्मात कुणाचं फुकट खाल्लेलं नाही," असं तो ज्याला त्याला ऐकवायचा. "आणि कुणाला खाऊ घालणारही नाही."

आता आमची रीत सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. त्या भट्टीत दर ख्रिसमसला एक रिकामी परात जायची. ज्या घरी त्या वर्षी भाजायला काहीच नसेल, त्या घरच्या बाईने परातीत एक दगड किंवा वीट ठेवायची, म्हणजे रांगेत हलकी वाटत नाही. वर फडकं टाकायचं आणि इतरांसारखी आणून द्यायची. बेकरीवाल्याने काही विचारायचं नाही. सगळे चॅपलला गेले की त्याने दगड काढायचा आणि प्रत्येक परातीतून एक बटाटा, एक तुकडा, चमचाभर चरबी काढून ती परात भरायची. म्हणून आम्ही सगळ्या एक बटाटा जास्तीचा घालायचो. परात कुणाची, हे फक्त भट्टीपाशी असलेल्याला माहीत. त्याने ते नाव कधी उच्चारायचं नाही, आणि जेवणाऱ्याने आभार मानायचे नाहीत. ही बेकरी जेबेझच्या सासऱ्याची होती. सासऱ्याने रीत पाळली, त्याच्यामागे जेबेझच्या बायकोने, केझायाने पाळली. आम्ही तिला केझी म्हणायचो.

केझी गेली आणि सहा वर्षं जेबेझ एकटा भट्टीवर होता. त्या वर्षांत गिरण्या जोरात चालत होत्या, त्यामुळे रिकामी परात कुणी आणलीच नाही. पण बटाटा आम्ही घालतच होतो. प्रत्येकीला वाटायचं, असेल बाई कुणीतरी बिचारी. आणि जेबेझ प्रत्येक परातीतून बटाटा, तुकडा आणि चमचाभर चरबी काढतच होता. ते सगळं जायचं त्याच्या स्वतःच्या परातीत. गल्लीच्या जिवावर त्याचा ख्रिसमस व्हायचा आणि उरलेली चरबी जानेवारीभर पावाला पुरायची. चोरी आहे असं त्याच्या मनातही येत नव्हतं. रीत आहे, परात कुणी आणत नाही, मग माझी परात तीच, असा त्याचा हिशेब.

मग अठराशे बासष्ट साल आलं. अमेरिकेत लढाई जुंपली आणि कापूस यायचा बंद झाला. सुरतेहून यायचा तो आखूड धाग्याचा, मागावर धरला की तुटायचा. तोही पुरेसा नव्हता. गिरणीचं धुराडं थंड पडलं. लोकांनी आधी घड्याळं विकली, मग खुर्च्या, मग अंथरुणं. मदत समिती कार्डावर पीठ आणि सूप द्यायची. ख्रिसमससाठी कार्डामागे मांसाचा एक तुकडाही देणार होती. आमचं कार्ड माझ्या नवऱ्याच्या नावावर होतं. ऑक्टोबरात तो तापाने गेला, आणि त्याच्यामागोमाग कार्डही गेलं. नवं जानेवारीत मिळेल म्हणाले. घरात मी, सव्वीस वर्षांची, दोन वर्षांची नेल आणि माझी सासू टॅबिथा. सासूला चौऱ्याहत्तरावं लागलं होतं, पण जीभ विशीतली.

ख्रिसमसच्या आदल्या संध्याकाळी तिने चुलीमागून वीट काढली आणि माझ्यापुढे ठेवली.

"उद्या परात घेऊन जा."

"आई, मला नाही जमायचं."

"काय नाही जमायचं? वीट उचलायला?"

"लाज वाटते."

"लाज पोटात घालून पोर जगते का? तीन दिवस ती पेजेवर आहे. ज्याची त्याची पाळी असते, सेलिना. यंदा आपली."

मी गेले. विटेवर फडकं नीट खोचलं होतं तरी मला वाटत होतं की सगळ्या गल्लीला ती दिसतेय. माझ्या पुढे ग्रिमशॉबाई होती. तिची वजडी ती भाजायला कमी आणि मिरवायला जास्त आणायची. मनाने वाईट नव्हती, पण दुसऱ्याच्या फडक्याखाली काय आहे हे कळल्याशिवाय तिला घास जात नसे. केझी असताना ती हात आवरून असायची, कारण केझी सरळ हातावर लाटणं मारायची. माझी पाळी आली. जेबेझने परात उचलली, फडक्याचं टोक वर करून आत पाहिलं आणि एकदा माझ्याकडे पाहिलं. सतरा नंबरचा बिल्ला माझ्या हातावर ठेवला. मला वाटलं, झालं, सुटले. तो बिल्ला मुठीत धरून मी चॅपलमध्ये बसले आणि देवाला सांगितलं, नेलला एकदा मांस खाऊ दे, पुढचं माझं मी बघते.

पुढचं मला जेबेझनेच सांगितलं. नंतर मी त्याच्या बेकरीत नऊ वर्षं काम केलं. तो मरेपर्यंत त्याने हे मला चारदा सांगितलं, आणि चारही वेळा शब्दही तेच. भूतबीत मी मानत नाही. पण खोटं बोलणारा माणूस दर वेळी थोडं मीठ-मसाला वाढवतो, हा कधी वाढवत नव्हता.

सगळे गेल्यावर त्याने माझ्या परातीवरचं फडकं काढून वीट पाहिली आणि त्याला हसू आलं. "वीट आणली आहे, वीट भाजून देऊ," असं तो स्वतःशीच म्हणाला, आणि वीट असलेली परात त्याने भट्टीच्या तोंडाशी सरकवून दिली. मग नेहमीप्रमाणे लांब दांड्याच्या फावड्याने एकेक परात बाहेर ओढली आणि काटा-चमचा चालवला. त्या वर्षी परातींमध्ये होतं काय? कार्डावर मिळालेले मांसाचे बोटभर तुकडे. पण जास्तीचा बटाटा प्रत्येकीत होता. ते सगळं त्याच्या परातीत गेलं, आणि तिथे एक अख्खं बदकही होतं. पिठाचा व्यापारी दरवर्षी त्याला बदक भेट द्यायचा आणि हा ते गिरणीच्या मुकादमाला विकायचा. यंदा मुकादमावरच उपाशी राहायची वेळ, म्हणून बदक अंगावर पडलं. ते आठ दिवस पुरवून खायचं त्याने ठरवलं होतं.

बाराच्या सुमारास तो बदकावर चरबी घालत होता. बाहेर धुकं एवढं की समोरची भिंत दिसत नव्हती. दुकानाच्या फळीपलीकडे कुणीतरी परात ठेवल्याचा आवाज झाला. दाराची घंटा वाजली नव्हती.

"वेळ संपली," मान वर न करता तो म्हणाला. "अकरानंतर घेत नाही."

"दरवर्षी हेच म्हणतोस."

चमचा त्याच्या हातून चरबीत पडला. तो आवाज त्याने तीस वर्षं ऐकला होता. केझी उभी होती, कामाच्या एप्रनमध्ये, बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या. भुवयांवर पीठ होतं, ते तिच्या नेहमीच असायचं.

"केझी, तू मेलीयेस," तो म्हणाला. दुसरं काही त्याला सुचलं नाही.

"मला माहीत आहे. मेले तेव्हा मी तिथेच होते." तिने परात पुढे सरकवली. "सहा वर्षं रांगेच्या शेवटी उभी राहतेय. एकदा तरी मान वर करून बघशील म्हटलं. तू आपला चमच्याकडे बघत बसतोस. घे."

"कुणाची आहे?"

"उघड."

जुनी परात होती, एका कोपऱ्यावर रिव्हेट मारलेली. फडक्याखाली नदीतला एक गोटा होता, काळा, मधून पांढरी रेघ गेलेला. जेबेझ मला सांगायचा की तो गोटा पाहून आधी त्याला आनंद झाला. हरवलेलं खेळणं सापडावं तसा. लहानपणी त्याच्या घरी खिडकीत तो गोटा असायचा. तो त्याच्याशी खेळायचा, पांढऱ्या रेघेवरून बोट फिरवायचा. पण घराबाहेर न्यायला आई त्याला कधी द्यायची नाही. म्हणायची, ठेव रे तो, ख्रिसमसला लागतो.

आणि मग तो गोटा ख्रिसमसला कशाला लागायचा हे त्याला कळलं.

"नाही," तो म्हणाला. "आई म्हणायची, ख्रिसमसचं जेवण गिरणीतून मिळालं."

"पाच ख्रिसमस," केझी म्हणाली. "तुझे वडील गेले त्या वर्षापासून ती गेली तोवर. मी तुझ्याएवढीच होते. बाबा परात भरायचे आणि मी ती फडक्याने झाकायची. एकदा मी त्यात मुरांब्याचा चमचाही टाकला होता."

त्याला तो मुरांबा आठवत होता. मटणाला लागलेला गोड मुरांबा. त्याला वाटायचं की श्रीमंतांकडे असंच करतात, आणि आपण श्रीमंतांसारखं जेवलो याचा त्याला आयुष्यभर अभिमान होता.

तो चिडला. चिडणारच, माणसाचा ताठा असा फुकट जातो का? "तीस वर्षं माझ्या शेजारी झोपलीस तू! सगळ्या गावाला मी ऐकवत हिंडलो, ऑर्मरॉडांनी कुणाचं खाल्लं नाही म्हणून. एकदा तरी सांगायचंस!"

"नाव सांगायचं नसतं. तुला माहीत आहे."

"मग आता कशी सांगतेस?"

"आता मला कोण बोलणार आहे?" केझी म्हणाली, आणि हसली. ती हसली तेव्हा त्याला इतकी वर्षं दाबून ठेवलेली तिची आठवण आली, आणि तो तिथे पिठाच्या पोत्यावर बसून रडला. त्याने हे माझ्यापासून लपवलं नाही. म्हणाला, केझीला पुरलं त्या दिवशीही मी रडलो नव्हतो, रुमाल धुवायला साबण लागेल म्हणून. ही त्याची थट्टा होती की खरंच, ते मला कधी कळलं नाही.

"ही भरून देतो," तो डोळे पुसत म्हणाला. "सगळं घे. बदकही घे."

"मी कुठे खाणार, वेड्या? कुणाची भरायची ते तुला ठाऊक आहे. आणि वीट भाजून द्यायची होती ना तुला? अख्खी गल्ली दारात असताना ती पोर काय घेऊन जाणार होती घरी?"

तो उठला. फावडं घेऊन त्याने भट्टीच्या तोंडातून माझी परात ओढली, आणि मागे वळला तर फळीवर काही नव्हतं. ना परात, ना गोटा, ना ती. मी त्याला विचारलं होतं, पिठात तिच्या बोटांचे ठसे तरी राहिले होते का? म्हणाला, बघायला वेळ कुठे होता, पाऊण वाजून गेला होता. पुराव्याचं काय घेऊन बसलात? मला जेवायला मिळालं.

एक वाजता आम्ही सगळ्या बेकरीत कोंबलो. जेबेझ आकडे पुकारत होता आणि परात ज्याच्या त्याच्या हातात देत होता. त्याचे डोळे लाल होते. मला वाटलं, धूर लागला असेल. "सतरा," तो म्हणाला, आणि परात माझ्या हातात आली. ती जड होती, पण विटेसारखी नाही. खालून गरम होती आणि तिच्यात काहीतरी चरचरत होतं. आणि मग वास आला.

तो वास सगळ्यांना आला. त्या वर्षी आमच्या गल्लीत बदक कुणाच्या स्वप्नातही येत नव्हतं.

"अगं बाई!" ग्रिमशॉबाई माझ्या समोर आडवी झाली. "सेलिना! तुझ्याकडे बदक? कार्ड बंद झालेल्यांना समिती बदक देते का आता?"

"वाट सोडा, ग्रिमशॉबाई."

"दाखव तरी! नुसतं बघते. आमच्या नशिबात बघणंच आहे." तिची बोटं फडक्याच्या टोकावर आली. मी मागे सरकले तर मागे माणसंच माणसं. फडकं उचललं असतं तर सगळ्यांना कळलं असतं. बदकाभोवती वीस घरांचे वीस तऱ्हेचे बटाटे होते, आणि आमच्या गल्लीतली कुठलीही बाई आपला बटाटा ओळखते. मी रिकामी परात आणली होती हे उद्या गिरणीच्या फाटकापर्यंत पोचलं असतं, आणि नेल मोठी होईपर्यंत तिला कुणीतरी ऐकवलं असतं.

"ग्रिमशॉबाई!" जेबेझ ओरडला. हातातलं फावडं त्याने फळीवर आपटलं. "तुझा बटाटा सहा वर्षं कोण खातंय, माहीत आहे?"

तिचा हात थांबला. "रिकाम्या परातीवाली खाते. दुसरं कोण खाणार?"

"मी खातो."

ग्रिमशॉबाईने फडक्यावरची बोटं काढून घेतली.

"केझी गेल्यापासून एकही रिकामी परात आली नाही. तुम्ही बटाटे घालत राहिलात आणि मी खात राहिलो. तुमची चरबी पावाला लावली. आणि दुसरं ऐका. तुम्हाला मी मोठ्या तोऱ्यात सांगायचो ना, ऑर्मरॉडांनी कुणाचं फुकट खाल्लं नाही? माझी आई डोरकस. पाच वर्षं तिने याच भट्टीत रिकामी परात आणली. तुमच्या आयांनी मला वाढवलंय. मी अठ्ठावन्न वर्षांचा आहे, आणि हे मला आज कळलं."

सगळी डोकी त्याच्याकडे वळली होती. मी परात पोटाशी धरली आणि दाराबाहेर सटकले. मागून ग्रिमशॉबाईचा आवाज आला, "सहा वर्षं! आणि मी मेली मोठ्यातला मोठा निवडून ठेवायची!" मग कुणीतरी हसलं, कुणीतरी शिव्या दिल्या. पुढे काय झालं ते ऐकायला मी थांबले नाही. तो ते त्याच वेळी का बोलला, हे मला घराच्या पायरीशी पोचल्यावर उमगलं. त्या माणसाकडे ताठ्याखेरीज काही नव्हतं, आणि तो त्याने माझी परात झाकायला काढून दिला होता.

घरी टेबल नव्हतं, विकलं होतं. जमिनीवर परात ठेवली आणि फडकं काढलं. नेलने दोन्ही हात परातीकडे केले. सासूने चष्मा लावला आणि खाता खाता एकेक ओळखायला लागली. "हा ग्रिमशॉचा. मोठा आहे, पण आत कच्चा, तिच्या सगळ्या कामासारखा. हा ॲशवर्थांचा, सालासकट. बिचाऱ्यांनी चाकू पण विकलाय वाटतं." मग ती बदकाशी आली आणि थांबली. अख्खं होतं, त्याला चाकूही लागला नव्हता.

"हे कुणाचं?"

मी सगळं सांगितलं. ती चावायची थांबली.

"सगळ्यांसमोर म्हणाला? डोरकसचं नाव घेऊन?"

"सगळ्यांसमोर."

"मग त्याच्याकडे जेवायला काय राहिलं?"

"काही नाही. त्याची परात धुवून पालथी ठेवलेली दिसली."

"आणि तू इथे बसून काय करतेस?" सासूने माझ्या हातातला तुकडा काढून घेतला. "जा, घेऊन ये त्याला. म्हणावं, टॅबिथाने बोलावलंय. आणि येताना खुर्ची घेऊन ये म्हणावं, आपल्याकडे एकच आहे आणि ती मी सोडणार नाही."

बेकरीत तो एकटाच होता, भट्टी विझवत. माझं बोलणं ऐकून तो बराच वेळ हात पुसत राहिला. मग त्याने खुर्ची उचलली. ख्रिसमसच्या दुपारी जेबेझ ऑर्मरॉड डोक्यावर खुर्ची घेऊन टेंटर गल्लीतून चालला, आणि दाराआडून सगळी गल्ली बघत होती.

तो आमच्याकडे बसला, पण हात लावेना. सासूने एक बटाटा काट्याला टोचून त्याच्यापुढे धरला. खालून काळा झालेला, चिकट.

"खा. तुझ्या आईला करपलेलाच लागायचा. आमची भिंतीला भिंत होती ना. माझं काही करपलं की मी भिंतीवर मूठ मारायची, आणि ती ताटली घेऊन यायची."

जेबेझने बटाटा घेतला, पण तोंडात घातला नाही. "तुला आठवते ती?"

"आठवते म्हणजे? माझ्या लग्नात माझे केस तिने विंचरले. ओढून ओढून रडवलं मेलीने."

"आणखी?"

"कुत्र्यांना घाबरायची. गिरणीतल्या मुकादमाची नक्कल करायची, अशी की बाकीच्या बायका माग सोडून हसायच्या. तू तापला होतास तेव्हा तुला पाठीवर घेऊन रात्रभर गल्लीत फिरली."

"आणखी काय?"

तो अकरा वर्षांचा असताना त्याची आई गेली होती. त्यानंतर सत्तेचाळीस वर्षं तो गल्लीत कुणाच्या घरात बसला नव्हता, म्हणून तिच्याविषयी त्याला कुणी काही सांगितलंच नव्हतं. आता माझी सासू सांगत होती आणि तो 'आणखी, आणखी' म्हणत होता. बदक गार झालं. नेल त्याच्या बुटावर डोकं ठेवून झोपली. मी चूल सारखी केली.

"तिचा आवाज मला आठवत नाही," तो हळूच म्हणाला. "चेहरा आठवतो. आवाज गेला."

सासूने तोंडातला घास गिळला. भिंतीकडे तोंड केलं, आणि तिचा नव्हता अशा एका उंच, किनऱ्या आवाजात, शेवटचं अक्षर लांबवत, तिने गल्लीत हाक मारावी तशी हाक मारली.

"जेबीऽऽ, चल घरी, जेवण गार होतंय रेऽऽ!"

आणि तो अठ्ठावन्न वर्षांचा माणूस खुर्चीतून उठून उभा राहिला आणि म्हणाला, "आलो."